उभ्या गाडीच्या बॅटऱ्या : फेब्रुवारी ते ऑक्टोबरच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

आमची गाडी म्हणजे जुन्या सतरा आसनी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभे केलेले फिरते घर आहे. आत दोन बर्थ, लहान ओटा, १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज, टपावर २०० वॅटचे सोलर पॅनेल आणि मागच्या बाकाखालील पेटीत १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. इंजिन सुरू करणारी बॅटरी पुढे वेगळी आहे. खानदेशात अशा गाडीचा हंगाम दिवाळीपासून फार तर होळीपर्यंत असतो, आणि त्यानंतर ती अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी, कापूस साठवण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा-सात महिने उभी राहते.

मागील वर्षी मार्चअखेर गाडी उभी केली आणि पोळा झाल्यानंतर दार उघडले, तेव्हा एका बॅटरीवर ७.३ आणि दुसरीवर ८.१ व्होल्ट दिसले. दोन दिवस चार्जर लावूनही त्यांनी विद्युतप्रवाह घेतला नाही. दोन्ही बॅटऱ्या अवघ्या दोन वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मृत्यू वापरामुळे नव्हे, तर नुसते पडून राहिल्यामुळे झाला. शिसे-आम्लाची बॅटरी उतरू लागली की तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते. लगेच चार्ज केली तर ते विरघळते, पण महिनोन्महिने तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. ऑक्टोबरात घेतलेल्या नव्या जोडीवर तीच वेळ येऊ नये, यासाठी या वर्षी आधीच तयारी करायची आणि प्रत्येक मोजमाप लिहून ठेवायचे असे ठरवले आहे.

१६ फेब्रुवारी

पहिला प्रश्न असा होता, की सर्व बटणे बंद असताना गाडी बॅटरीतून काही ओढते का. ऋण टर्मिनलवरील केबल सोडवून, केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या खोबणीत जोडला. मीटर असा मधोमध जोडलेला असताना कोणतेही मोठे उपकरण सुरू होता कामा नये, हे मला ठाऊक होते. तरीही फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद करायचा राहिला आणि मीटरचा फ्यूज गेला. बाजारातून नवा फ्यूज आणून दुपारी पुन्हा मोजले.

आकडा ०.१९ अँपिअर आला. एकेक फ्यूज काढून पाहिल्यावर त्याची फोड मिळाली : गॅसगळती ओळखणारे यंत्र ०.०९, इन्व्हर्टरचे भिंतीवरचे पॅनेल ०.०६ आणि रेडिओ ०.०४. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु २४ तासांत तो ४.५६ अँपिअर-तास होतो आणि ३० दिवसांत १३७. म्हणजे ३०० अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली जोडी साधारण ३३ दिवसांत अर्धी आणि आणखी तेवढ्याच दिवसांत रिकामी होणार. मागील वर्षी मी मुख्य बटण बंद केले होते आणि त्यावर निर्धास्त राहिलो होतो. ही तिन्ही उपकरणे त्या बटणाच्या अलीकडूनच, थेट बॅटरीवरून जोडलेली आहेत हे आज समजले. जोडणी माझीच असल्यामुळे दोष देण्यास दुसरे कोणी नाही.

इंजिनाच्या बॅटरीवरील भार ०.०५ अँपिअर निघाला, म्हणजे महिन्याला ३६ अँपिअर-तास. तीही काढून ठेवावी लागेल.

२३ फेब्रुवारी

आज साफसफाई केली. पेटीचे झाकण उघडल्यावर बॅटऱ्यांच्या माथ्यावर कापसाची बारीक तूस, काळ्या मातीची धूळ आणि चार्जिंगच्या वेळी उडालेल्या आम्लाचे तुषार यांचा मिळून ओलसर राखाडी थर बसलेला दिसला. एक प्रयोग करून पाहिला. मीटरची काळी तार ऋण टर्मिनलला लावली आणि तांबडी तार धन टर्मिनलला न लावता नुसत्या त्या थरावर टेकवली. मीटरने १.८ व्होल्ट दाखवले. धन टर्मिनलकडे तार सरकवत नेली तसा आकडा चढत गेला. याचा अर्थ त्या मळातूनच धन टोकापासून ऋण टोकापर्यंत वीज अखंड झिरपत होती, आणि केबल काढून ठेवली असती तरी ती गळती थांबली नसती.

खाण्याचा सोडा दोन चमचे एका लिटर पाण्यात विरघळवून, सर्व सेलची बुचे घट्ट आहेत याची खात्री करून, ओल्या फडक्याने माथा पुसला. सोड्याचे पाणी सेलमध्ये गेले तर आतील आम्ल निष्प्रभ होते, म्हणून ते ओतायचे नाही, फडक्यानेच लावायचे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी फसफसून विरली. मग साध्या पाण्याच्या फडक्याने आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घेतले. त्याच जागी मीटर पुन्हा टेकवला तेव्हा ०.०२ व्होल्ट आले. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला.

चष्मा आणि रबरी हातमोजे घातले होते, पण अंगातल्या सदऱ्याचा विचार केला नव्हता. धुतल्यानंतर त्याच्या पोटावर ज्वारीच्या दाण्याएवढी सहा भोके पडलेली आढळली. आम्ल डोळ्यांत गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवत राहून दवाखाना गाठावा लागतो, म्हणून यापुढे पाण्याने भरलेली बादली शेजारी असल्याशिवाय काम सुरू करायचे नाही असा नियम केला.

२ मार्च

पूर्ण चार्ज करून, बारा तास विश्रांती देऊन मोजमाप घेतले. या एका दिवसात मला जेवढे समजले तेवढे मागील दोन वर्षांत समजले नव्हते.

पहिली गोष्ट व्होल्टची. इंटरनेटवरील बहुतेक तक्त्यांत पूर्ण भरलेल्या बॅटरीचा विश्रांतीतील आकडा १२.७ दिलेला असतो. माझ्या बॅटऱ्या १२.५० आणि १२.४५ वर थांबल्या होत्या, आणि त्या अपुऱ्या भरल्या आहेत असे समजून मी पुन्हा चार्जर लावायला निघालो होतो. बॅटरीच्या अंगावरील पट्टी वाचली तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडील उष्ण हवामानासाठी बनवलेल्या ट्युब्युलर बॅटरीत आम्ल सौम्य ठेवतात. माझ्या बॅटरीची पूर्ण चार्ज अवस्थेतील ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्ल पाण्याच्या किती पट जड आहे ते, २७ अंशांना १.२४० आहे, आणि १२.७ चा तक्ता १.२६५ च्या आसपासच्या आम्लासाठी आहे. ग्रॅव्हिटीत ०.८४५ मिळवले की एका सेलचे व्होल्ट साधारण कळतात, १.२४० साठी ते २.०८५ होतात आणि सहा सेलचे १२.५१. म्हणजे १२.५० वर माझी बॅटरी काठोकाठ भरलेली होती आणि मी तिला आणखी शिजवणार होतो.

दुसरी गोष्ट ग्रॅव्हिटीची. आमचा बॅटरीवाला ती ‘बाराशे चाळीस’ अशी बोलतो, म्हणून मीही वहीत तसेच लिहितो. ‘अ’ बॅटरीच्या सहा सेलमध्ये १२४०, १२४०, १२३५, १२४०, १२३५, १२४० मिळाले. ‘ब’मध्ये १२३५, १२४०, ११९५, १२३५, १२४०, १२३५. तिसऱ्या सेलमध्ये हायड्रोमीटरचा (ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या काचेच्या नळीचा) तरंगता काटा इतरांपेक्षा ठळकपणे खाली बसला. दुसऱ्यांदा द्रव ओढून पाहिला तरी तेवढाच. एक सेल एवढा मागे असूनही एकूण व्होल्टमध्ये फरक केवळ ०.०५ पडला होता. नुसत्या मीटरवर विसंबलो असतो तर दोन्ही बॅटऱ्या उत्तम म्हणून बाजूला ठेवल्या असत्या.

‘ब’ला उघड्या अंगणात, इतर सर्व जोडण्या काढून, १५.५ व्होल्टवर तीन तास समतोल चार्जिंग (मागे पडलेला सेल बरोबरीला यावा म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टवर केलेले चार्जिंग) दिले आणि दर अर्ध्या तासाने तपासले. हा उपाय फक्त बुच उघडता येणाऱ्या, पाणी टाकण्याच्या बॅटरीसाठी आहे. सीलबंद बॅटरीला तो देऊ नये. मागे पडलेला सेल १२२५ पर्यंत आला. तेवढ्यावर मी समाधान मानले.

९ मार्च

बॅटऱ्या ठेवायच्या कोठे, हा प्रश्न चर्चेने नव्हे तर थर्मामीटरने सोडवायचे ठरवले. दुपारी तीन वाजता बाहेर सावलीत ३७ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये ४२, गाडीतील बॅटरीपेटीत ४६ आणि नानांच्या जुन्या धाब्याच्या घरातील मागच्या खोलीत २९ अंश होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हा फरक, तर मे महिन्यात काय होणार ते भुसावळ-जळगावच्या माणसाला सांगायला नको.

बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, आणि तितक्याच वाढीने तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. थंड देशांतील लोक बॅटरी गोठू नये म्हणून ती घरात आणतात. आपल्याला ती भाजू नये म्हणून आणावी लागते. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे हा त्यावरचा आयता उपाय गावातच होता.

परंतु घरात बॅटरी आणणे म्हणजे घरात हायड्रोजन आणणे. बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही चार्जिंग चालू राहिले तर आतील पाण्याचे विघटन होते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. एक अँपिअर-तास जादा चार्जिंगमागे दर सेलमधून सुमारे ०.४२ लिटर, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीतून अडीच लिटर हायड्रोजन निघतो. हिशेब करून पाहिला. गाडीतील पेटीत मोकळी जागा जेमतेम ८० लिटर आहे; तीत ४ टक्के म्हणजे ३.२ लिटर. दोन बॅटऱ्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येकी ३ अँपिअर घेत असतील, तर झाकण बंद असताना सुमारे तेरा मिनिटांत ती मर्यादा गाठली जाते. वर्षभर मी त्याच पेटीवर बसून चहा पीत आलो आहे. मागची खोली मात्र १० फूट लांब, ९ फूट रुंद आणि ९ फूट उंच, म्हणजे सुमारे २३ घनमीटरची आहे आणि तिच्या धाब्याला साणे आहे. हवेपेक्षा चौदापट हलका वायू वर जातो, आणि छतातल्या त्या उजेडाच्या झरोक्याइतकी त्याला सोयीची दुसरी वाट नाही. साणे कायम उघडे राहील आणि पावसाळ्यात त्यावर पत्र्याची तिरपी टोपी बसवली जाईल, असे ठरले.

१६ मार्च

गाडीतून बॅटऱ्या काढल्या. क्रम वहीत आधीच लिहून ठेवला होता : प्रथम सोलर पॅनेलची तार कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणाऱ्या यंत्रापासून) सोडवायची, कारण बॅटरी आधी काढली तर पॅनेलचा सगळा दाब कंट्रोलरवर येतो, मग बॅटरीची ऋण केबल आणि शेवटी धन. ऋण आधी काढली म्हणजे धन टर्मिनल सोडवताना पाना गाडीच्या लोखंडाला लागला तरी शॉर्टसर्किट होत नाही. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली, अंगठी आणि घड्याळ काढून खिशात ठेवले.

एक ट्युब्युलर बॅटरी आम्लासह ५५ किलोंच्या पुढे जाते. भाच्याने आणि मी ती पट्ट्याच्या झोळीत, आडवी न होऊ देता, नानांच्या घरापर्यंत नेली. दोन्ही बॅटऱ्या आता एकमेकींना न जोडता वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, कारण समांतर जोडून ठेवल्यास दुबळी चांगलीला सतत खाली ओढत राहते. टर्मिनलवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले.

नाना उंबऱ्यात उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “खाले ठेवू नको रे, करंट जमीनमा निंघी जास.” पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असे आणि ओलीतून ती खरोखर गळत असे, आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला जमिनीचा काही त्रास नाही. तरीही त्यांचा मान राखून खाली सागाची फळी घातली, कारण फळीवर बॅटरी सरकवणे सोपे जाते आणि आम्ल सांडले तर लगेच दिसते. फळीला उधई लागू नये म्हणून ती विटांवर ठेवली.

काकूंनी विचारलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. या खोलीला लागूनच देवघर आहे आणि तिथे सांजवात लागते. मधल्या दाराला फट होती. ती बंद केली आणि चार्जिंग असेल त्या दिवशी दिवा ओसरीवर लावायचा असे त्यांनीच सुचवले. नानांची बिडीही ओसरीवर गेली. लहान मुलांसाठी खोलीला कडी आणि कुलूप केले.

६ एप्रिल

तीन आठवड्यांनंतरची पहिली तपासणी. ‘अ’मध्ये सर्व सेल १२३० च्या आसपास, ‘ब’मध्ये पाच सेल १२२५ ते १२३० आणि तिसरा सेल १२१५. खोलीत ३१ अंश होते. इंजिनाची सीलबंद बॅटरी १२.६४ व्होल्टवर होती. तिला काही केले नाही, १२.४ च्या खाली आली तरच चार्ज करायचे. दोन्ही ट्युब्युलर बॅटऱ्या प्रत्येकी पाच तास चार्ज केल्या. पाण्याची पातळी ठीक होती.

१ मे

परवा सायंकाळी सहा वाजता ‘अ’ला चार्जर लावला आणि रात्री अकरापर्यंत काढायचा असे मनाशी ठरवले. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. बहिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, स्वयंपाकघरात सांजोऱ्यांचा घाणा चाललेला. त्या गडबडीत चार्जर डोक्यातून पार गेला. काल दुपारी दोन वाजता खोलीतून पंखा आणायला गेलेला भाचा ओरडत आला, “मामा, बटरी तपेल शे!”

वीस तास झाले होते. माझा चार्जर जुन्या पद्धतीचा आहे, तो १४.४ व्होल्ट धरून ठेवतो आणि बॅटरी भरली तरी खाली उतरत नाही. खोलीत सडक्या अंड्यासारखा पुसट वास होता. चिमटे तसेच ओढले असते तर टर्मिनलवरच ठिणगी पडली असती, म्हणून प्रथम बाहेरच्या बोर्डावरून वीज बंद केली, दार पूर्ण उघडले आणि अर्ध्या तासानंतरच चिमटे काढले. आतील द्रवाचे तापमान ४८ अंश भरले. सहाही सेलचे पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दर्शक तांबड्या खुणेपाशी टेकले होते. आज सकाळी बॅटरी थंड झाल्यावर मापाच्या पेल्याने डिस्टिल्ड वॉटर घातले, ते सर्व मिळून १९० मिलीलिटर लागले. पट्ट्या उघड्या पडल्या नव्हत्या.

त्या १९० मिलीलिटर पाण्याचा हिशेब मांडला तेव्हा अंगावर काटा आला. एवढे पाणी विघटित झाले असेल तर सुमारे अडीचशे लिटर हायड्रोजन त्या खोलीत सुटला. २३ घनमीटर खोलीचा तो १ टक्क्याहून थोडा अधिक होतो, आणि साणे बंद असते तर तो समान पसरण्याऐवजी आढ्याखाली साचला असता. साणे उघडे होते म्हणून निभावले. शेजारच्या देवघरात त्या संध्याकाळी समई लागली होती की नाही, हे काकूंना विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. चार्जर लावल्याचे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

चूक विसरण्याची होती, पण त्याखाली आणखी एक चूक दडलेली होती. १४.४ हा आकडा २५ अंशांच्या आसपाससाठी आहे. तापमान वाढले की दर अंशामागे प्रत्येक सेलला ३ ते ४ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. खोलीत त्या दिवशी ३५ आणि बॅटरीत ४० च्या वर असताना हिशेबाने १४.० व्होल्ट पुरेसे होते. मी त्यावर जे जास्तीचे दिले ते पाणी उकळण्यातच गेले. नेहमीच्या वायरमनकडून चार्जर १४.० वर बसवून घेतला. सोबत विजेवर फिरणारा चार तासांचा टायमर लावला. वीज गेली की तोही थांबतो, म्हणून तो मोजतो ते प्रत्यक्ष विजेचे तास, आणि आमच्याकडे तेच मोजले पाहिजेत. यापुढे चार्जिंग पहाटे चारला सुरू होईल, कारण त्या वेळी बॅटरी सर्वांत थंड असते, आणि वहीत वेळ लिहून काकूंना सांगितल्याशिवाय बटण दाबायचे नाही.

पाण्याबद्दल एक नोंद करून ठेवतो. गावात बरेच जण इन्व्हर्टरच्या बॅटरीत फिल्टरचे किंवा एसीतून गळणारे पाणी घालतात. आमच्या बोअरच्या पाण्याने तांब्याभांड्यांवर जो पांढरा थर बसतो, तो पाहिला की ते पाणी बॅटरीत घालण्याचा विचार मनात येऊ नये. क्लोराइड आणि लोह आत गेले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. डिस्टिल्ड वॉटरचाच कॅन आणावा आणि तोही चार्जिंगनंतर घालावा, कारण चार्जिंगमध्ये द्रव फुगतो आणि आधी काठोकाठ भरलेला सेल ओसंडतो. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे घालावे.

१५ जून

पाऊस सुरू झाला आहे. साण्याची टोपी व्यवस्थित बसली आहे. ‘अ’ पूर्ववत, १२३० ते १२३५. आखाजीच्या प्रसंगाने तिचे आयुष्य काही कमी झाले असेलच, पण ग्रॅव्हिटीवरून ते आज दिसत नाही. ‘ब’चा तिसरा सेल १२०० वर उतरला होता; चार्जिंगनंतर १२१५ झाला. दमट हवेने टर्मिनलवर पुन्हा पांढरी छटा आली होती, ती पुसली.

२० जुलै

तपासणी केली, चार्ज केले, २० मिलीलिटर पाणी घातले. वेगळे काही नाही.

२४ ऑगस्ट

पोळ्यानिमित्त शहाद्याचे मेहुणे आले होते. त्यांच्या लहान कॅम्पर व्हॅनमध्ये १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे आणि ती त्यांनी पूर्ण भरून, सोलर जोडलेले ठेवून, उन्हाळाभर गाडीतच ठेवली होती. माझे ऐकून त्यांनी हीच पद्धत आपल्यालाही लागू करायची का, असे विचारले. मी त्यांना जवळजवळ उलट सांगितले. शिसे-आम्लाची बॅटरी भरलेली ठेवावी लागते. लिथियमची साठवताना अर्ध्याच्या आसपास ठेवावी, कारण पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र आली की ती लवकर म्हातारी होते. तिला महिन्याला चार्जिंगही लागत नाही, पण तिच्या आतील संरक्षक सर्किट स्वतः थोडी वीज खाते, म्हणून रिकाम्या अवस्थेत विसरली तर ते सर्किट बॅटरी तोडून टाकते आणि साधा चार्जर तिला ओळखतही नाही. नेहमीच्या वापरात तिच्यातून हायड्रोजन निघत नाही आणि पाणी घालावे लागत नाही, एवढे सुख खरे. तिच्यावर समतोल चार्जिंगचा पर्याय असलेला जुना चार्जर मात्र चुकूनही लावू नये. व्होल्टवरून तिची पातळी ओळखणे तर आमच्या बॅटरीपेक्षाही अवघड, कारण बऱ्याच टप्प्यात तिचा आकडा हलतच नाही; त्यासाठी आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मीटर लागतो.

त्यांनी विचारले, मग मी लिथियम का घेत नाही. किंमत हे एक कारण. दुसरे असे, की या वहीचा मला आता लळा लागला आहे.

२८ सप्टेंबर

प्रत्यक्ष भार लावून परीक्षा घेतली. गाडीच्या पुढच्या दिव्यांचे ५५ वॅटचे दोन बल्ब लाकडी फळीवर बसवून बॅटरीला जोडले. ते मिळून सुमारे ९ अँपिअर ओढतात. ‘अ’ने आठ तास, म्हणजे ७२ अँपिअर-तास दिले आणि शेवटी भाराखाली ११.९ व्होल्टवर होती. विश्रांतीनंतर सर्व सेल ११८० ते ११८५. अर्धी बॅटरी वापरल्यावर असेच असायला हवे.

‘ब’ला पाच तासांतच थांबवावे लागले. मीटर ११.३ वर घसरला तेव्हा हायड्रोमीटर घातला, तर पाच सेल १२०५ च्या आसपास आणि तिसरा सेल ११२० वर. बल्बचा प्रकाश शेवटच्या वीस मिनिटांत पिवळा पडत गेला होता. मार्चमध्ये समतोल चार्जिंगने १२२५ आणून मी समाधान मानले होते, त्याऐवजी तेव्हाच दुकानात जायला हवे होते. सेल मुळातच दुबळा असावा. दर महिन्याच्या नोंदीत तो एकटाच घसरत गेलेला स्पष्ट दिसतो, आणि मी मात्र प्रत्येक वेळी चार्जिंगनंतरचा आकडा पाहून वही मिटली.

५ ऑक्टोबर

‘ब’ वॉरंटीत असल्यामुळे दुकानात नेली. वहीतील सात महिन्यांचे आकडे दाखवले. दुकानदाराने ते शांतपणे पाहिले आणि त्यांच्या यंत्रावर चाचणी होईपर्यंत बॅटरी ठेवून घेतली. मागील वर्षीच्या दोन मेलेल्या बॅटऱ्याही मी येथेच बदल्यात दिल्या होत्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात चार पैसे जास्त मिळतात म्हणून तिकडे दिली, तर आम्ल कोणाच्या तरी बांधावर ओतले जाते.

तोपर्यंत एकटी ‘अ’ गाडीत बसवली आहे. या वेळी क्रम उलटा : आधी धन, मग ऋण, आणि कंट्रोलरने बॅटरी ओळखल्यानंतर शेवटी पॅनेलची तार. पेटीच्या झाकणाजवळ सर्वांत उंच जागी दीड इंची पाइप बसवून तो गाडीबाहेर काढला आहे आणि तळाशी हवा आत येण्यासाठी जाळीचे भोक पाडले आहे. गॅसगळतीचे यंत्र, इन्व्हर्टरचे पॅनेल आणि रेडिओ आता मुख्य बटणाच्या, म्हणजे कट-ऑफ स्विचच्या, पलीकडे गेले आहेत. स्विच बंद करून पुन्हा मीटर मधोमध जोडला. या वेळी फ्रिज आठवणीने बंद केला होता. मीटरने ०.०० दाखवले.

पुढील आठवड्यात शहाद्यावरून तोरणमाळला जायचे आहे. एकाच बॅटरीवर फ्रिज रात्री बंद ठेवावा लागेल, म्हणून दूध सोबत न नेता वाटेत घ्यायचे ठरले आहे. आज सकाळचे मोजमाप : १२.५० व्होल्ट, सहा सेल १२३५ ते १२४०, पेटीत २८ अंश.